जुना होतो तो पत्रा नाही, त्यावरची शीट

सिंहस्थ जवळ आल्यापासून नाशिकच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: जुने वाहतूक फलक दुरुस्त करणं म्हणजे नुसती रंगरंगोटी. असे फलक रात्री दिसत नाहीत, पैसाही वाचत नाही आणि ते नियमातही बसत नाहीत. तेव्हा जुने भंगारात घाला, सगळे नवे लावा.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी बरीच वर्षं फलक बनवले आहेत. हा मजकूर लिहिणाऱ्याची काळजी खरी आहे, पण कारण चुकलं आहे, आणि त्यापायी चांगला पत्रा भंगारात जाईल याचं मला वाईट वाटतं.

'रात्री दिसत नाहीत.' रंग मारला तर खरोखरच दिसणार नाहीत. फलक रात्री चमकतो तो पत्र्यावर चिकटवलेल्या शीटमुळे. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात आणि ते गाडीच्या दिव्याचा उजेड आल्या वाटेनं चालकाकडे परत पाठवतात. त्यावर ब्रशनं ऑइल पेंट मारला की फलक दिवसा नवा दिसतो आणि रात्री आंधळा होतो. पण याला दुरुस्ती म्हणतच नाहीत. दुरुस्तीत जुनी शीट तापवून किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पूर्ण सोलतात, उरलेला चिकट काढतात, पत्रा ठोकून सरळ करतात, घासून त्याचा तेलकटपणा घालवतात आणि कोरडा झाल्यावर रोलरखाली नवी शीट बसवतात. ही शीट नव्या फलकाला लागते त्याच रोलमधली. समोरून येणाऱ्या दिव्याला खालचा पत्रा कोणत्या साली कापला हे कळत नाही.

लबाडी होते ती वेगळ्या जागी. सोलण्याची मजुरी वाचवायला काही जण जुन्या शीटवरच नवी चिकटवतात. खालचा चिकट सुटला की वरचीही कडेनं उचलते आणि पावसाचं पाणी आत शिरतं. म्हणून निविदेत 'जुनी शीट पूर्ण काढूनच' हे शब्द हवेतच, आणि शीट चढण्याआधी उघडा पत्रा अभियंत्यानं स्वतः पाहायला हवा.

'पैसा वाचत नाही.' हे अर्धं बरोबर आहे. शीटचा आणि ती चढवण्याचा खर्च दोन्हीकडे सारखाच, वर सोलण्याची मजुरी. चार-दोन लहान फलकांसाठी हा खटाटोप परवडणार नाही. पण ६० सेंटीमीटर व्यासाच्या, २ मिलिमीटर जाडीच्या गोल फलकात सुमारे दीड किलो ॲल्युमिनियम असतं. शहरभरचे फलक एकदम उतरवले तर केवढी धातू होईल! द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या ठिकाणच्या मोठ्या दिशादर्शक फलकांत तर कितीतरी जास्त. भंगारवाला ती किलोच्या भावानं नेतो आणि आपण तसाच पत्रा कापून, कडा घासून, भोकं पाडून नव्या दरानं विकत घेतो.

'नियमात बसत नाहीत.' इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ६७ या संहितेत फलकाचा आकार, माप, रंग आणि शीटचा दर्जा ठरवून दिलेला आहे. त्या मापाचा पत्रा त्याच आकारासाठी वापरला तर अडचण कसली? मात्र त्रिकोणाचा गोल करायला जाऊ नये. ९० सेंटीमीटर बाजूच्या त्रिकोणातून जेमतेम ५२ सेंटीमीटरचं वर्तुळ निघतं.

काही फलक टाकूनच द्यावे लागतात. ट्रकच्या धडकेनं मुरडलेला, कडेला चिरलेला पत्रा घेऊ नये. दोन पातळ थरांमध्ये प्लास्टिक असलेला संमिश्र पत्रा तापवून सोलायला गेलात तर थर सुटतात. लोखंडी खांब बुडाशी गंजला असेल तर वरचा पत्रा कितीही चांगला असो, खांब बदलायलाच हवा.

आणि पुष्कळ फलकांना यातलं काहीच लागत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च डोळ्याशेजारी धरून तीस पावलांवरून फलकाकडे पाहा. सगळीकडे सारखा उजळला तर शीट चांगली आहे. अशा फलकाला साबणपाणी लावा, आड आलेली कडुनिंबाची फांदी छाटा आणि वर चिकटवलेलं वाढदिवसाचं पोस्टर काढा. जो डागाडागांनी उजळेल किंवा काळा राहील, तोच उतरवून वर्कशॉपला पाठवा.