‘इंटरनेटचा शोध मी लावला’ असे अल गोर खरोखर म्हणाले होते का?

राजकारण्यांच्या बढाईखोरीचा मासला म्हणून एक वाक्य गेली पंचवीस वर्षे फिरते आहे: अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांनी ‘इंटरनेटचा शोध मी लावला’ असे सांगितले. त्याला पुरवण्याही ठरलेल्या असतात. इंटरनेट त्यांच्या आधीपासूनच होते, ते वाढवले खासगी कंपन्यांनी, गोर यांना अशा थापा मारायची सवयच होती, आणि पर्यावरणाची आठवण त्यांना २००० ची निवडणूक हरल्यावर झाली.

मूळ वाक्यापासून सुरुवात करू. ९ मार्च १९९९ रोजी सीएनएनवरील मुलाखतीत गोर जे बोलले, त्याचा मराठीत अर्थ असा होतो: ‘अमेरिकी काँग्रेसमधील माझ्या सेवाकाळात इंटरनेटच्या निर्मितीत मी पुढाकार घेतला.’ यात ‘शोध’ हा शब्द नाही. तो विरोधकांनी आणि पत्रकारांनी पुढच्या काही दिवसांत त्यांच्या तोंडी घातला. मराठीत तर गोंधळ आणखी वाढतो, कारण ‘शोध लावणे’ आपल्याला गुरुत्वाकर्षणालाही चालते आणि वाफेच्या इंजिनालाही. मात्र ‘निर्मितीत पुढाकार’ हे शब्दही सैल आणि आत्मप्रौढीकडे झुकणारे होते, हे मान्य करायला हवे. ‘इंटरनेटच्या विस्तारासाठी मी कायदे केले’ एवढे म्हटले असते, तर कोणाला हसता आले नसते. पण सैल बोलणे वेगळे आणि खोटे बोलणे वेगळे.

इंटरनेट आधीपासून होते, हा दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पानेट या संगणकजाळ्याचे पहिले दुवे १९६९ मध्ये जोडले गेले. व्हिंट सर्फ आणि बॉब कान या संगणकतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात रचलेले टीसीपी/आयपी हे संगणकांमधील देवाणघेवाणीचे नियम १ जानेवारी १९८३ पासून त्या जाळ्यावर लागू झाले. गोर १९७७ मध्ये प्रतिनिधिगृहात आणि १९८५ मध्ये टेनेसीचे सिनेटर म्हणून सिनेटमध्ये आले, तेव्हा या तांत्रिक पायाचे श्रेय त्यांना देण्याचा प्रश्नच येत नाही. परंतु ते जाळे होते कोणाचे? लष्करी संशोधन संस्था आणि मोजकी विद्यापीठे यांचे. ते सर्व संशोधन केंद्रांपर्यंत, शाळा-ग्रंथालयांपर्यंत न्यायचे, तर सरकारी पैसा आणि कायद्याचा आधार लागणार होता, आणि सिनेटरचे काम नेमके तिथे सुरू होते. १९८६ मध्ये गोर यांनी महासंगणक केंद्रे प्रकाशतंतूंच्या जाळ्याने जोडता येतील का, याच्या अभ्यासासाठी विधेयक मांडले. १९८८ मध्ये संगणकशास्त्रज्ञ लेनर्ड क्लाइनरॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने राष्ट्रीय संशोधन जाळ्याविषयी अहवाल दिला, आणि त्याच विचाराच्या पुढच्या टप्प्यावर १९९१ चा उच्चक्षमता संगणन कायदा उभा राहिला. ९ डिसेंबर १९९१ रोजी त्यावर सही केली ती रिपब्लिकन अध्यक्ष थोरल्या जॉर्ज बुश यांनी, तरी त्याला ‘गोर विधेयक’ हेच नाव पडले. (गोर यांचे वडीलही सिनेटर होते आणि १९५६ च्या आंतरराज्य महामार्ग कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता, ‘माहितीचा महामार्ग’ ही मुलाची लाडकी उपमा कुठून आली असावी, हे त्यावरून कळते.)

खासगी कंपन्यांचा मुद्दा त्यामुळे उलट्या टोकाने पाहावा लागतो. त्या काळी कंप्युसर्व्ह आणि प्रॉडिजी यांसारख्या कंपन्यांच्या ऑनलाइन सेवा आपापल्या ग्राहकांच्या कुंपणात होत्या. सर्वांना जोडणारा कणा होता अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचे एनएसएफनेट हे जाळे, आणि तो सरकारी पैशावर चालत होता. इलिनॉय विद्यापीठातील ज्या केंद्रात १९९३ मध्ये मोझाइक हा ब्राउझर तयार झाला, तेथील कामाला १९९१ च्या कायद्याखालील निधी मिळाला होता. एनएसएफनेटचा कणा एप्रिल १९९५ मध्ये बंद झाला आणि वाहतूक व्यापारी जाळ्यांकडे गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. कंपन्या आल्या, हे खरेच. त्या तयार रस्त्यावर आल्या. सर्फ आणि कान यांनीच २००० मध्ये संयुक्त निवेदन काढून संगणकीय दळणवळणाचे महत्त्व ओळखणारे पहिले लोकप्रतिनिधी म्हणून गोर यांचा उल्लेख केला.

थापांची सवय सिद्ध करायला लव्ह कॅनालचे, म्हणजे न्यूयॉर्क राज्यातील विषारी कचरा पुरलेल्या वस्तीचे, उदाहरण देतात. नोव्हेंबर १९९९ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील एका शाळेत गोर विषारी कचऱ्याविषयी बोलत होते. टेनेसीतील टून या गावाच्या अशाच प्रकरणाबद्दल ते म्हणाले, ‘तिथूनच सगळ्याची सुरुवात झाली’. दोन मोठ्या वृत्तपत्रांनी छापले, ‘मीच सगळ्याची सुरुवात केली’. चूक दाखवून दिली ती त्या शाळेच्या विद्यार्थ्यांनी. लव्ह कॅनाल आपणच हुडकले, असा सूर त्या भाषणात होता आणि तो चुकीचा होता, कारण गोर यांनी प्रतिनिधिगृहात या विषयावर घेतलेली सुनावणी होण्याआधीच, ऑगस्ट १९७८ मध्ये, अध्यक्ष कार्टर यांनी तिथे आणीबाणी जाहीर केली होती. मात्र १९७८ ची ती सुनावणी झाली, आणि १९८० मध्ये विषारी जागांच्या सफाईचा ‘सुपरफंड’ कायदाही आला.

पर्यावरणाची आठवण निवडणूक हरल्यावर झाली, हे विधान तर कालक्रमातच बसत नाही. तापमानवाढीवरील सुनावणीत समुद्रशास्त्रज्ञ रॉजर रेव्हेल यांना त्यांनी १९८१ मध्येच साक्षीला बोलावले होते. मे १९८९ मध्ये त्यांच्याच उपसमितीसमोर नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी आपली लेखी साक्ष व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने बदलायला लावल्याचे उघड केले. गोर यांच्यावर टीका करायला जागा आहे, पण ती इथे: संगणनात त्यांचे विधेयक कायदा झाले, हवामानात मात्र १९८९ मध्ये त्यांनी मांडलेले व्यापक जागतिक पर्यावरण विधेयक मंजूर झाले नाही, आणि सिनेटमधील आठ वर्षांत कर्बवायूंवर बंधनकारक मर्यादा घालणारा एकही कायदा त्यांना करून घेता आला नाही.