दोन चमचे पाणी आणि आठ लिटर ऑइल

पुण्यातल्या एकतानगरीत पुराचे पाणी शिरले त्या जुलैचा (2024) विषय आमच्या सिंहगड रस्त्यावरच्या कट्ट्यावर अजून संपलेला नाही. त्या दिवशी अविनाशने आपली ऑटोमॅटिक गाडी गुडघाभर पाण्यातून घरी आणली, इंजिन बंद पडले नाही म्हणून आम्हाला पेढे वाटले, आणि आता तीच गाडी पन्नास-साठच्या वेगाला, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय जेमतेम टेकलेला असताना, रम्बलरवरून चालल्यासारखी थरथरते. मेकॅनिक रफिकभाईंनी गिअरबॉक्सचे थोडे ऑइल काढून त्याचा थेंब तापल्या तव्यावर टाकला, तो तडतडला, आणि पाणी आहे असा निकाल त्यांनी दिला. काल संध्याकाळी नानांनी या निकालालाच हरकत घेतली.

नाना लेखा विभागातून निवृत्त झाले असले तरी लेखा विभाग त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. त्यांनी वर्तमानपत्राच्या समासात गणित मांडले. ऑइल आठ लिटर, पाणी फार तर दोन चमचे, म्हणजे हजारात सव्वा भाग. एवढ्याशा पाण्याने गाडी बिघडते असे सांगणारा माणूस गाडी नव्हे, गिऱ्हाईक दुरुस्त करतो, असे ते म्हणाले. शिवाय ऑइल लालच्या लाल दिसते आहे, हा त्यांचा हुकमाचा पत्ता.

"नाना, ते गुलाबी दुधासारखे झाले असते तर मी तव्याऐवजी थेट बिलबुक काढले असते," रफिकभाई शांतपणे म्हणाले.

मग त्यांनी जे समजावले ते मला तरी पटले. इंजिनची ताकद ऑइलमार्फत गिअरबॉक्सला पोचवणारा जो टॉर्क कन्व्हर्टर, त्याच्यातल्या क्लचला कागदासारखे अस्तर असते. ऑइलमधली काही रसायने त्या अस्तरावर बसून त्याची पकड गुळगुळीत ठेवतात, पण पाणी त्या कागदी तंतूंना अधिक प्रिय असल्याने ते रसायनांना उठवून स्वतः जागा बळकावते. त्यानंतर क्लच एकसारखा सरकत नाही. तो पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो, आणि हीच थरथर आपल्याला बुडाखाली जाणवते. पाणी आठ लिटरभर सारखे पसरून राहत नाही, ते नेमके या अस्तरात जाऊन बसते. त्यामुळे हजारातला सव्वा भाग हे गणित बरोबर असूनही निरुपयोगी ठरते.

पाणी आत गेलेच कसे, असे नानांनी विचारले, कारण गिअरबॉक्स बंद डबा असतो अशी त्यांची समजूत होती. त्याला श्वास घ्यायला एक नळी असते. ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापलेला डबा गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून, एखाद्या थकलेल्या सीलमधून, बाहेरचे ओढून घेते. हे ऐकून नाना विजयी मुद्रेने म्हणाले, की इतके तापते तर पाण्याची वाफ होऊन ते आपोआप उडून जाईल.

"अविनाश गाडी काढतो ती भाजी मंडईपर्यंत," रफिकभाई म्हणाले. "तेवढ्यात ऑइल नीट तापतही नाही, आणि जी काही वाफ होते ती कुकरच्या झाकणासारखी आतून धरते आणि परत खाली ठिबकते."

एवढ्यात दिगूने आपलीही गाडी ऑटोमॅटिकच असल्याचे जाहीर करून तिचेही ऑइल तपासायची विनंती केली. तुझ्या गाडीत साधाच गिअरबॉक्स आहे, फक्त क्लच दाबायचे काम तुझ्याऐवजी यंत्र करते, असे त्याला सांगण्यात आले. आठ वर्षे पार्किंगमध्ये मिरवलेला दिमाख असा मिनिटभरात उतरला आणि तो उगाच शेंगदाणे सोलत बसला.

अविनाशला उपायाची घाई होती. रफिकभाईंच्या मते पाणी पुराचेच असेल तर अजून वाचता येईल. नट उघडून चाळीस टक्के ऑइल निघते, उरलेले कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. म्हणून मध्ये मध्ये गाडी चालवून तीनदा बदलले, तर जुने सुमारे पाचवा हिस्सा उरते. मात्र रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, आत येत असेल, तर त्यातले ग्लायकॉल अस्तराचा डिंकच सोडवते आणि मग ऑइल बदलणे म्हणजे नुसता खर्च. म्हणून आधी रेडिएटरची तपासणी, मग बाकीचे. तव्यावर भरवसा तडतडण्यापुरताच ठेवायचा, हेही ते म्हणाले, कारण अगदी सूक्ष्म पाण्याला तवा गप्पच बसतो आणि ते प्रयोगशाळेतच कळते.

"तीनदा ऑइल!" नाना उसळले. त्यावर रफिकभाईंनी कात्रजच्या घाटाची आठवण काढली. नानांनी स्कूटरच्या पेट्रोलमध्ये घालायच्या ऑइलमध्ये एकदा बचत केली होती, 'थोड्याने काय होते' म्हणून. पिस्टन घाटात जाम झाला आणि स्कूटर स्वारगेटपर्यंत ढकलत आणण्याची पाळी रफिकभाईंवर आली. त्या ढकलण्याची मजुरी नानांच्या हिशेबवहीत पस्तीस वर्षे जमा झालेली नाही.

नाना काही बोलणार तोच चहा आला. त्यांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि टपरीवाल्याला हाक मारली, "अरे, पाणी घातलेस यात?"

"नाना," रफिकभाई म्हणाले, "घातले असेल, पण आठ लिटरमागे दोनच चमचे."