पहिली भाषा सीच का? एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

दहावी-बारावीचे निकाल लागून कोकण विभाग पुन्हा राज्यात पहिला आला (ही आता बातमीही राहिलेली नाही) आणि पावसाला सुरुवात झाली, की रत्नागिरी-सिंधुदुर्गातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे सार असे: संगणकाकडे जाणाऱ्या मुलाने पहिली प्रोग्रामिंग भाषा सीच शिकावी, पायथॉन या भाषेने सुरुवात केल्यास पाया कच्चा राहतो, पायथॉन संथ असून ते निव्वळ खेळणे आहे, सी आली की बाकीच्या भाषा आठ दिवसांत येतात आणि पहिली निवड चुकली तर पुढची वर्षे वाया जातात. शेवटी टर्बो सी, म्हणजे सीचे प्रोग्राम लिहून चालवण्याचे एक जुने साधन, उतरवून घेण्याची लिंक असते. मी कणकवलीत मुलांना प्रोग्रामिंग शिकवते आणि दर जूनमध्ये कोणी ना कोणी पालक हा संदेश माझ्यापुढे धरून ‘बाई, हे खरे का?’ असे विचारतात, म्हणून हे सविस्तर उत्तर.

‘पाया’ या शब्दापासूनच सुरुवात करू. सी ही नवशिक्यांसाठी घडवलेली भाषा नव्हे. डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत ती घडवली आणि युनिक्स ही कार्यप्रणाली तिच्यात नव्याने लिहिली गेली. यंत्र आतून-बाहेरून ठाऊक असलेल्या मंडळींचे ते हत्यार होते. कर्निगन आणि रिची यांच्या 1978 च्या ज्या पुस्तकावरून जगाने सी शिकली, त्याच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे की हे प्रोग्रामिंगची तोंडओळख करून देणारे पुस्तक नाही आणि व्हेरिएबल (किंमत साठवायची नाव दिलेली जागा), लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणे), फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा) या गोष्टी वाचकाला थोड्याफार माहीत असल्याचे त्यात गृहीत धरले आहे. सीच्या कर्त्याला जे गृहीत धरावेसे वाटले, ते सीमधूनच शिकले पाहिजे असा आपला आग्रह असतो. शिकणाऱ्यांचा विचार करून भाषा घडवणारे लोक वेगळे होते: केमेनी आणि कर्ट्झ यांनी 1964 मध्ये डार्टमथ महाविद्यालयात बेसिक आणली, निक्लाउस विर्थ यांनी 1970 मध्ये पास्कल. 1991 मध्ये बाहेर आलेली पायथॉनही याच घराण्याला जवळची आहे, कारण तिचे कर्ते ग्विडो व्हॅन रॉसम यांनी त्याआधी एबीसी या नवशिक्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या भाषेवर काम केले होते.

यावर संदेशाचे समर्थक म्हणतात की सीमुळे यंत्राची मेमरी समजते. समजते, यात वाद नाही. प्रश्न ती केव्हा समजते एवढाच आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने याच संदेशातील लिंकवरून टर्बो सी घेतली होती. घरची आंब्याची बाग असल्याने त्याने पहिला हिशेब तोच मांडला: 25 पेट्या, पेटीला 1600 रुपये, दोन्ही आकडे ‘इंट’ या पूर्णांकाच्या प्रकारात. पडद्यावर उत्तर उमटले, उणे 25,536. म्हणजे वाशीच्या दलालाकडून 40,000 रुपये येणे राहिले बाजूला, बागायतदारच त्याचे देणे लागत होता! मुलाने तीन दिवस गुणाकाराची ओळ उलटसुलट लिहून पाहिली आणि शेवटी ‘हे आपल्याला जमणारे नाही’ असे ठरवूनच तो माझ्याकडे आला. चूक त्याची नव्हती. टर्बो सी हे 1987 मध्ये आलेले, डॉस या जुन्या कार्यप्रणालीच्या काळातले साधन. त्यात ‘इंट’ला मेमरीत दोनच बाइट एवढी जागा मिळते, त्यामुळे 32,767 च्या वर आकडा गेला की तो उलटून ऋण बाजूला येतो. आजच्या नेहमीच्या कंपायलरमध्ये (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनात) चार बाइट असतात, तर पायथॉनमध्ये पूर्णांकाला अशी मर्यादाच नाही. व्हेरिएबल म्हणजे काय हे पक्के झालेल्या मुलाला हेच उदाहरण दाखवले तर तो खूश होतो, कारण आत काहीतरी ठरावीक मापाचे आहे हे त्याला डोळ्यांनी दिसते. पहिल्या आठवड्यातल्या मुलाला मात्र त्यातून फक्त आपण मठ्ठ आहोत एवढेच कळते.

पायथॉनही निर्दोष नाही, हे येथेच सांगितले पाहिजे. तिच्यात वापरकर्त्याने टाइप केलेले मजकूर म्हणूनच हाती येते, त्यामुळे 12 आणि 13 यांची बेरीज 1213 झालेली पाहून मुले चक्रावतात. शिवाय ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा चुकली तर प्रोग्राम अडतो. तरी जागेची चूक पायथॉन ओळ क्रमांकासह सांगते आणि 1213 कुठून आले हे दोन मिनिटांत समजावता येते.

संथपणाचा आरोप खरा आहे, पण नवशिक्याला तो लागू नाही. तोच लूप सीमध्ये कित्येक पटींनी वेगाने चालतो. परंतु बागेचा वर्षभराचा हिशेब दोन्हींकडे पापणी लवण्याआधी होतो. मोठ्या आकडेमोडीसाठी पायथॉनवाले नमपायसारखी लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, वापरतात आणि तिचा गाभा सीमध्येच लिहिलेला आहे. खेळण्याबद्दल इतकेच, की केंद्रीय मंडळाच्या (सीबीएसई) अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात आज पायथॉनच शिकवली जाते.

‘आठ दिवसांत बाकीच्या भाषा’ हे विधान निम्मे खरे आहे. अट, लूप, फंक्शन ही समज एका भाषेतून दुसरीत जाते, आणि ती पायथॉनमधूनही तितकीच जाते. मग पहिली निवड चुकून वर्षे वाया जाण्याची भीती संदेशाच्या स्वतःच्याच म्हणण्याने निकालात निघते. आठ दिवसांत येते ती दुसऱ्या भाषेची लिहिण्याची पद्धत. जावातील ऑब्जेक्टची मांडणी किंवा जावास्क्रिप्टमध्ये उत्तर यायच्या आधीच पुढची ओळ चालून जाणे, हे अंगवळणी पडायला महिने लागतात, मग आधी सी येत असो वा नसो.

संदेशाचे एक म्हणणे मला मान्य आहे, जरी ते त्यात नीट सांगितलेले नाही: नुसत्या पायथॉनवर थांबू नये. यादीच्या मध्येच एक घटक घुसवला तर आत किती घटक सरकतात, हे सी किंवा तिच्यासारखी भाषा हाताळल्याशिवाय उमगत नाही. अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या गेट परीक्षेच्या संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात प्रोग्रामिंग सीमध्येच आहे. म्हणून बारावीनंतर ज्याला मोकळे दोन-तीन महिने मिळतात, त्याने ते पायथॉनला द्यावेत आणि नंतर सी घ्यावी. पायथॉनबरोबर येणारा आयडल किंवा थॉनी हे प्रोग्राम लिहिण्याचे संपादक एकदा उतरवले की नेट लागत नाही, आणि पावसाळ्यात आपल्याकडे हा गुण लहान नाही. घरात फक्त फोन असेल तर अँड्रॉइडवरही पायथॉन चालते.

ज्याचा अभ्यासक्रम पहिल्याच सत्रात सीने सुरू होतो, त्याने अर्थात सीच घ्यावी. तेथे पायथॉनचा हट्ट धरणे हा वरच्या संदेशाइतकाच दुराग्रह ठरेल. फक्त टर्बो सीऐवजी जीसीसी हा आजचा कंपायलर घ्यावा, कारण आजच्या विंडोजवर टर्बो सी चालवायलाही डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा आधार लागतो. आणि महाविद्यालयातील प्रयोगवहीत अजूनही ‘व्हॉइड मेन’ आणि ‘कोनिओ’ ही टर्बो सीच्या काळातली रूपे असतील, तर गुणांसाठी वहीत तसे लिहून घरी ‘इंट मेन’ हे प्रमाण रूप लिहिण्याची सवय लावावी.