विमानाची वायरिंग, व्हाया महाराणी रोड

अभिनंदन! घर झालं, गाडी झाली, इंदूरच्या सुदामानगरात प्लॉटही झाला, तेव्हा तुम्ही सेकंडहँड विमान घेतलंत हे उत्तम केलंत. विमानतळाजवळच्या बिजासनच्या टेकरीवर पाहुण्यांना नेऊन "ते बघा, आपलं उतरतंय" म्हणण्यात जे सुख आहे ते आणखी एका प्लॉटात नाही. आता त्यात नवा रेडिओ, जीपीएस आणि रडारला विमानाची ओळख कळवणारा ट्रान्सपॉन्डर बसवायचा म्हणताय. तर लायसन्सवाल्या एएमईकडे, म्हणजे विमान-देखभालीच्या इंजिनिअरकडे, जाण्याआधी, खरं तर जाण्याऐवजी, माझं थोडं ऐका.

सुरुवात वायरपासून. जाणकार मंडळी तुम्हाला टेफझेल या आवरणाच्या वायरचं नाव सांगतील. एम २२७५९/१६ नावाची, कथिलाचा मुलामा दिलेल्या बारीक तारा पिळून केलेली, १५० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारी, ६०० व्होल्टची वायर. विमानात आहेत १४ किंवा २८ व्होल्ट, मग सहाशेची चैन कशाला? सरळ महाराणी रोड गाठा आणि घराच्या फिटिंगला लागते ती पीव्हीसी वायर घ्या. कशासाठी हवी ते दुकानदाराला सांगू नका. चांगला माणूस असला तर देणार नाही, आणि दिली तर भाव वाढवेल. पीव्हीसी पेटली की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, डोळे उघडता येत नाहीत, घसा धरतो, हे खरं आहे. पण घरात असा धूर झाला की आपण गॅलरीत जाऊन उभे राहतोच की.

त्यातही एकेरी जाड तार मिळाली तर सोडू नका. वाकवाल तशी राहते, दिसायला नेटकी. इंजिनच्या थरथरीने ती आतल्या आत तुटते, पण वरचं कव्हर शाबूत असतं. आणि जो दोष दिसत नाही तो सर्व्हिसिंगच्या बिलातही येत नाही.

जोडणी पकडीने दाबून करा. त्यासाठी रॅचेटचं क्रिम्पिंग हत्यार असतं, पूर्ण दाब बसेपर्यंत ते सुटतच नाही. असला हट्टी स्वभाव हत्याराला शोभत नाही. नाहीतर भरपूर सोल्डर ओता. वितळलेलं सोल्डर तारांच्या मधून वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि तो जिथे संपतो तिथेच तार हलून हलून तुटते. म्हणजे बिघाड कुठे शोधायचा ते आधीच ठरलेलं, केवढी सोय! वरून काळी टेप गुंडाळा. मे महिन्यात इंदूरच्या उन्हात विमान दिवसभर उभं राहिलं की पॅनेलमागे टेपचा डिंक पाघळतो, टेप उलगडून शेपटीसारखी लोंबते आणि उघडा सांधा शेजारच्या चौकटीला चिकटायला मोकळा होतो. वायर ॲल्युमिनियमच्या भोकातून न्यायची असेल तर रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी मऊ कडी, घालण्याच्या फंदात पडू नका. भोकाची कड करवतीचं काम इमानाने करते. आणि जागा कमी पडली तर वायरींचा जुडगा सरळ इंधनाच्या नळीला बांधा, दोन्ही जवळजवळ असले की तपासायला सोपं.

आता ब्रेकर, म्हणजे करंट वाढला की उडून बाहेर येणारं बटण. इथे लोकांचा फार गैरसमज आहे, आणि तो तसाच राहू द्यावा असं माझं मत आहे. सगळ्यांना वाटतं की ब्रेकर महागड्या रेडिओला वाचवतो. प्रत्यक्षात तो वायरला वाचवतो. रेडिओच्या पोटात काही जळायचं ठरलं तर ते ब्रेकर हलायच्या आतच जळून जातं. ब्रेकरचं काम एवढंच की त्यानंतर वायर लाल होऊन शेजारच्या जुडग्याला पेटवू नये. म्हणून २२ गेजच्या तारेला ५ ॲम्पियर, २० गेजला साडेसात, १८ गेजला १० असा हिशेब असतो (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). रेडिओला जास्त करंट लागला तर वायर जाड करायची आणि मग ब्रेकर मोठा. पण तुम्ही हा उलटा घास घेऊ नका. ब्रेकर वारंवार उडत असेल तर पोह्यावर जिरावण भुरभुरावं तसे अंदाजाने ॲम्पियर वाढवत जा. पाचचा उडतो? दहाचा लावा. दहाचाही उडतो? वीसचा. शेवटी उडायचा थांबतोच. काहीतरी थांबतंच.

हवेत ब्रेकर बाहेर आला तर पुन्हा आत दाबा. न राहिल्यास अंगठ्याने धरून ठेवा. फ्लोरिडातल्या सॅनफर्डची गोष्ट सांगून कोणी घाबरवलं तर ऐकू नका. पण सांगतोच. जुलै २००७ मध्ये तिथल्या एका सेस्ना ३१० मध्ये हवामानाच्या रडारमधून जळका वास आला. वैमानिकाने रडार बंद केलं, ब्रेकर ओढला, वास गेला. उतरल्यावर त्याने हे सगळं रीतसर लिहूनही ठेवलं. दुसऱ्या दिवशी, १० तारखेला, काहीही दुरुस्ती न होता तेच विमान पुन्हा उडालं. तो ब्रेकर परत आत दाबला गेला असावा, असं तपासणाऱ्यांना वाटलं. हवेत धूर, मग आग, आणि विमान वस्तीवर कोसळलं. विमानातले दोघे आणि जमिनीवरचे तिघे गेले. इथे थट्टा करायला मला काही सुचत नाही, पुढे जाऊ.

रेडिओचा मास्टर स्विच मात्र हवाच. इंजिन सुरू करताना सगळे रेडिओ बंद ठेवावेत हे आपण गुरुमुखातून ऐकलेलं आहे, आणि जुन्या नाजूक ट्रान्झिस्टरच्या काळात ते शहाणपणाचंही होतं. आजची प्रमाणित उपकरणं डीओ-१६० नावाच्या चाचण्यांतून जातात, त्यांत व्होल्टेजचे झटके आणि उतार दोन्ही सोसून दाखवावे लागतात. तरी स्विच लावाच, आणि एकच लावा, सगळ्यात स्वस्तातला. भर ढगात तो मेला की दोन्ही रेडिओ, जीपीएस आणि ट्रान्सपॉन्डर एकदम गप्प होतील. काही भित्रे लोक त्याला समांतर दुसरा स्विच लावतात किंवा एक रेडिओ वेगळ्या वाटेने जोडतात. तुम्ही भित्रे नाही.

स्विच बसवला की संरक्षण झालं, असं मानून थांबायचं. कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोठा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या रिलेच्या, कॉइलचा प्रवाह तुटताना तिचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि क्षणभर शेकडो व्होल्ट उसळतात. तिथे दोन-पाच रुपयांचा डायोड आडवा लावला की तो उसळा तिथेच जिरतो. डायोडवरची पट्टी पॉझिटिव्हकडे. पण दोन-पाच रुपयांच्या वस्तूने लाखाचं काही वाचतं हे मनाला पटत नाही, म्हणून सोडून द्या. अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला तर १४ व्होल्टची व्यवस्था वीस-पंचवीसच्या पलीकडे चढू शकते. त्यासाठी ओव्हरव्होल्टेजचं यंत्र असतं, साधारण १६ व्होल्टांवर ते अल्टरनेटरची फील्ड, म्हणजे त्याला चेतवणारा प्रवाह, तोडतं. हेही नको. रेग्युलेटर नेहमी दुसऱ्यांचेच बिघडतात.

अर्थिंग जिथे स्क्रू दिसेल तिथे. रंगाच्या थरावरच कसून टाका. हेडसेटचे जॅक पॅनेलच्या पत्र्यात थेट बसवा, फायबरचे वॉशर घालून ते अलग ठेवू नका. शिल्डेड वायरची जाळी दोन्ही टोकांना अर्थ करा. मग कानात जी बारीक शीळ सुरू होईल ती इंजिनच्या फेऱ्यांबरोबर वर-वर चढत जाईल. अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून थोडी आलापी ऐकायला हरकत नसावी, फक्त हा गवय्या विलंबित घेत नाही.

ॲन्टेनासाठी घरातली डिशची केबल उरलीच असेल. विमानाचा रेडिओ ५० ओहमचा आणि ती ७५ ओहमची, पण ओहम काय दिसतात का? आरजी-४०० नावाची ५० ओहमची केबल घेणाऱ्यांना पैशाची किंमत नसते. मोबाइलसाठी जेल रोडवरून एक स्वस्त चार्जर आणा आणि रेडिओशेजारी खोचा. त्याच्या आतल्या स्विचिंगचा गोंगाट थेट ११८ ते १३७ मेगाहर्ट्झमध्ये शिरतो. टॉवर काय म्हणतोय ते खरखरीत बुडून जाईल, पण मोबाइल शंभर टक्के चार्ज.

होकायंत्राजवळून दिव्याची वायर नेताना दोन्ही तारा एकमेकींना पिळून नेतात, म्हणजे त्यांची क्षेत्रं एकमेकांना मारतात. तुम्ही एकच न्या, परतीची वाट पत्र्यातून. दिवा लावला की सुई वळेल. वळू दे. खाली ए.बी. रोड आहे, महूपर्यंत तोच नेतो. पॅनेल बंद करण्याआधी योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, पूर्ण पुढे-मागे आणि दोन्हीकडे फिरवून एखादी वायर अडकते का, हे बघायची रीत आहे. त्यात वेळ जातो आणि चहा गार होतो.

राहता राहिली एएमईची सही. तो पॅनेल उघडून आत बघेल, बराच वेळ काही बोलणार नाही, मग "हे कुणी केलं?" असं विचारेल. "आधीच्या मालकाने" म्हणा. तरीही सही नाही दिली, तर विमान विकायला काढा. जाहिरातीत ठळक लिहा: वायरिंग संपूर्ण नवीन, ब्रेकर कधीच उडत नाही.