रविवारचा एक क्लोन पुरेसा आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

घरच्या संगणकाच्या बॅकअपविषयीच्या माझ्या लेखावर आपण वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनःपूर्वक आभार. इतर वाचकांच्या सोयीसाठी तिचा आशय थोडक्यात देतो. आपले म्हणणे असे, की साध्या कामाला मी विनाकारण अवघड करून ठेवले आहे. आपण दर रविवारी संगणकाची संपूर्ण डिस्क बाहेरच्या एका डिस्कवर क्लोन करता, म्हणजे तिची हुबेहूब प्रत उतरवता. विसर पडू नये म्हणून ती डिस्क संगणकाला कायम जोडलेली असते, कागदपत्रे क्लाउडच्या फोल्डरमध्ये असतातच, आणि काम संपले की प्रोग्राम ‘यशस्वी’ असे सांगतो. त्यामुळे वेगवेगळ्या तारखांच्या प्रती, दुसरी डिस्क आणि रिस्टोअरची, म्हणजे प्रतीवरून माहिती परत आणण्याची, चाचणी हे सारे मोठ्या कार्यालयांचे विषय आहेत, घरच्या माणसाला त्यांची गरज नाही. शेवटी आपण जाता जाता लिहिले आहे, की गेल्या काही दिवसांपासून संगणकाच्या डिस्कमधून अधूनमधून टकटक असा आवाज येतो, पण स्मार्ट तपासणीत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची जी मोजमापे ठेवते त्यांत) ती डिस्क उत्तम असल्याचे दिसते, तेव्हा येत्या रविवारी नेहमीप्रमाणे क्लोन करून टाकाल.

मी या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचा मतभेद आठवडाभर थांबू शकतो, हे थांबू शकत नाही. कृपया गेल्या रविवारच्या क्लोनवर या डिस्कचा नवा क्लोन चढवू नका. क्लोन करताना ज्या डिस्कवर लिहायचे तिच्यावरचे आधीचे पार्टिशन, म्हणजे डिस्कचे विभाग, पुसले जातात किंवा नव्या मजकुराखाली जातात. हे काम अर्ध्यावर आले असताना मूळ डिस्कने दम सोडला, तर जुना क्लोन मोडलेला आणि नवा अपुरा अशी अवस्था होईल, आणि ज्या प्रसंगासाठी आपण इतके रविवार शिस्तीने हे काम केले, नेमक्या त्याच प्रसंगी हाताशी एकही धड प्रत उरणार नाही. तेव्हा ती बाहेरची डिस्क आत्ताच काढून बाजूला ठेवा आणि नव्या प्रतीसाठी वेगळी डिस्क वापरा.

आवाजाविषयीही लिहायला हवे. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कमध्ये अशी टकटक बहुधा तेव्हा ऐकू येते, जेव्हा मजकूर वाचणारे हेड तबकडीवरची आपली जागा शोधताना पुन्हा पुन्हा चुकते. नेहमीचा क्लोनिंग प्रोग्राम वाचता न येणाऱ्या सेक्टरपाशी, म्हणजे डिस्कवरच्या एका छोट्या कप्प्यापाशी, आला, की एकतर तोच सेक्टर वाचण्याचा हट्ट धरतो किंवा त्रुटी दाखवून काम सोडून देतो. पहिल्याने दुबळ्या डिस्कवर ताण वाढतो आणि दुसऱ्याने आपल्या हाती काहीच लागत नाही. म्हणून पुन्हा कुठूनही मिळणार नाही अशी माहिती, म्हणजे छायाचित्रे, स्वतः लिहिलेला मजकूर, हिशेबाच्या फाइली, आधी उतरवून घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा बसवता येते, तिची काळजी नंतर. त्यानंतर संपूर्ण डिस्क उतरवायची असेल, तर लिनक्सवरील जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन नेमके याच कामासाठी आहे. ते सहज वाचता येणारा भाग आधी घेते, अडलेला भाग ओलांडून पुढे जाते आणि कुठे काय राहिले याची नोंद वेगळ्या फाइलमध्ये ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे सुरू करता येते. फक्त आज्ञेत आधी मूळ डिस्क आणि मग नवी डिस्क हा क्रम दोनदा वाचून खात्री करा, कारण तो उलटा झाला तर रिकाम्या डिस्कचा मजकूर भरलेल्या डिस्कवर लिहिला जातो. या डिस्कवर चेकडिस्क हा विंडोजचा डिस्क तपासणारा प्रोग्राम मात्र चालवू नका. ते दुरुस्तीच्या नावाखाली तिच्यावर लिहिते, आणि मरणाऱ्या डिस्कवर काहीही लिहू नये. आवाज थांबतच नसेल किंवा संगणक डिस्क ओळखतच नसेल, तर वीज बंद करून ती डेटा रिकव्हरीच्या जाणकारांकडेच न्यावी.

स्मार्टच्या ‘उत्तम’ या निर्वाळ्यावर आपण भरवसा ठेवलात, यात नवल नाही, कारण त्या शब्दाने कोणाचीही खात्री पटावी. परंतु २००७ साली गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या केंद्रांतील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार सर्वांत सूचक मोजमापांपैकी एकातही आधी काही दाखवले नव्हते. स्मार्ट धोका सांगत असेल तर तो जरूर मानावा, मात्र त्याच्या मौनाचा अर्थ डिस्क सुरक्षित आहे असा काढू नये.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. क्लोन वाईट आहे असे मी म्हटलेले नाही आणि आताही म्हणत नाही. पार्टिशनची मांडणी, संगणक सुरू करणारे ईएफआय पार्टिशन, सिस्टीम, बसवलेले प्रोग्राम आणि त्यांच्या मांडण्या असे सर्व जसेच्या तसे दुसऱ्या डिस्कवर येते, आणि मूळ डिस्क गेली की ती काढून दुसरी बसवून तासाभरात कामाला लागता येते. हा वेग दुसऱ्या कोणत्याही पद्धतीत मिळत नाही. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर जाताना तर मीही क्लोनच सुचवतो. आपल्या या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे.

प्रश्न काळाचा आहे. क्लोनला एकच तारीख असते. डिस्क बंद पडणे हा अपघात त्याच क्षणी कळतो, म्हणून त्याच्यावर क्लोन उत्तम उपाय ठरतो, परंतु घरातल्या माहितीचे पुष्कळसे नुकसान त्या क्षणी कळतच नाही. मंगळवारी चुकून एक फोल्डर पुसला गेला आणि त्याची आठवण तीन आठवड्यांनी झाली, तर मधल्या काळात तीन रविवार येऊन गेलेले असतात आणि तिन्ही क्लोनांनी तो फोल्डर ‘नसणे’ तितक्याच प्रामाणिकपणे उतरवून घेतलेले असते. बिघडलेली फाइल, मोडलेला मेलचा साठा, एखाद्या प्रोग्रामने चुकीच्या पद्धतीने पुन्हा साठवलेली छायाचित्रे यांचेही तसेच होते. क्लोन आरशासारखा असतो, समोर आता जे आहे तेवढेच तो दाखवतो, आणि आपल्याला अनेकदा समोर आता जे नाही तेच हवे असते.

याला उपाय म्हणून मी लेखात इमेज सुचवली होती, आणि आपल्याला अवघडपणा दिसला तो बहुधा इथेच. प्रत्यक्षात इमेज म्हणजे त्याच डिस्कची प्रत, फक्त ती दुसऱ्या डिस्कवर उघडी न पसरता फाइलमध्ये बांधून ठेवलेली असते. वापरात असलेलाच भाग घेऊन तो दाबून ठेवल्यामुळे ती मूळ डिस्कपेक्षा पुष्कळ लहान होते. पहिली प्रत पूर्ण घेतल्यावर पुढच्या प्रतींत केवळ बदललेला भाग साठवता येतो, त्यामुळे आपण आज एका क्लोनसाठी जी डिस्क अडवता, तिच्यावर बऱ्याचदा काही महिन्यांच्या निरनिराळ्या तारखा मावतात. आपले रविवारचे काम तेवढेच राहते. किंमत एकच मोजावी लागते: इमेज थेट बसवून संगणक सुरू होत नाही, ती आधी डिस्कवर उतरवावी लागते, आणि त्यासाठी लागणारा रेस्क्यू पेनड्राइव्ह संगणक चांगला असतानाच तयार करून ठेवावा लागतो. साधन निवडताना मात्र थोडे पाहावे. विंडोजमधील जुनी सिस्टीम इमेजची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच मोडीत काढायच्या यादीत घातली असून मॅक्रियम रिफ्लेक्टच्या मोफत आवृत्तीचा पाठिंबाही २०२४ च्या आरंभी संपला. क्लोनझिला मोफत आहे आणि भरवशाचा आहे, पण तो दर वेळी पूर्ण प्रतच घेतो, तेव्हा त्यात तारखा सांभाळायच्या तर जागा अधिक लागते. मॅक वापरणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. २०२० च्या बिग सर या आवृत्तीपासून तिथली सिस्टीम डिस्कच्या मोहोरबंद, बदल न करता येणाऱ्या विभागावर असते, त्यामुळे सुरू होऊ शकणारा क्लोन बनवणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. मात्र २००७ पासून सोबत येणारे टाइम मशीन तारखांचे काम चोख करते: जागा असेपर्यंत शेवटच्या चोवीस तासांच्या तासातासाच्या, महिन्याभराच्या रोजच्या आणि त्याआधीच्या आठवड्याआठवड्याच्या प्रती ते ठेवते.

क्लाउडच्या फोल्डरविषयी आपण निश्चिंत आहात, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. अशा फोल्डरच्या सिंकचे काम संगणक आणि क्लाउड या दोन्ही ठिकाणी सारखे ठेवणे हे आहे. इथे फाइल पुसली की तिथेही पुसली जाते, इथे बिघडली की बिघडलेलीच वर जाते. सेवेच्या कचरापेटीत किंवा जुन्या आवृत्त्यांत ती सापडते हे खरे, पण ती सोय ठरावीक मुदतीपुरती असते. याहून गंभीर बाब अशी, की जागा वाचवण्यासाठी अशा अनेक फोल्डरांत फाइलचे केवळ नाव आणि चिन्ह संगणकावर असते, मजकूर मागणीनुसार उतरतो. अशा फाइलींचा क्लोन घेतला तर क्लोनमध्येही रिकामे नावच येते. म्हणजे आपल्या हिशेबाने ज्यांच्या दोन प्रती आहेत, त्यांची प्रत्यक्षात क्लाउडवरची एकच असू शकते. त्या फोल्डरमध्ये जाऊन फाइलींपुढे ढगाचे चिन्ह दिसते का ते पाहा. दिसत असेल, तर ‘या संगणकावर कायम ठेवा’ हा पर्याय निवडून त्या उतरू द्या आणि मगच प्रत घ्या.

कायम जोडलेल्या डिस्कविषयी थोडक्यात सांगतो. खंडणी मागणारा व्हायरस संगणकात शिरला, की तो दिसेल त्या प्रत्येक ड्राइव्हवर फाइली कुलूपबंद करत जातो, आणि आपला क्लोन त्याला दुसऱ्या कोणत्याही ड्राइव्हसारखाच दिसतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभर जो गोंधळ घातला, त्यात जोडलेले ड्राइव्हही सुटले नाहीत. विजेचा उसळता झटका आला तरी जोडलेली दोन्ही उपकरणे एकदमच जातात. विसर पडण्याची आपली भीती रास्त आहे, तेव्हा संगणकावर आठवण लावा, पण प्रत घेऊन झाली की केबल काढा. शक्य असेल तर दोन डिस्क आलटूनपालटून वापरून त्यांतली एक दुसऱ्या घरी ठेवा. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र, हा नियम लोकप्रिय केला तो पीटर क्रोग या छायाचित्रकाराने. एकट्याने काम करणाऱ्या आणि आपली छायाचित्रे जपू पाहणाऱ्या माणसाला तो गरजेचा वाटला, म्हणून हा कार्यालयांचा विषय आहे हे मला पटत नाही. उलट कार्यालयात हे पाहायला वेगळी माणसे असतात, घरी आपल्याखेरीज कोणीच नसते.

राहिली चाचणी. ‘यशस्वी’ या संदेशाचा अर्थ लिहिण्याचे काम त्रुटीविना संपले इतकाच आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा त्यांच्याकडे प्रती राखण्याच्या पाच पद्धती होत्या आणि पाचांपैकी एकही नीट चालत नसल्याचे त्यांनीच जाहीर केले. सुमारे सहा तासांपूर्वी एकाने हाताने घेतलेली प्रत योगायोगाने शिल्लक होती, तिच्यावर त्यांचे निभावले. बॅकअप फसल्याचे कळवणारे मेल पोहोचतच नव्हते. ज्यांचा व्यवसायच संगणकाचा आहे त्यांच्याकडे असे घडू शकते, तर आपण आणि मी एकदा तपासून पाहणे अधिक झाले असे मला वाटत नाही.

क्लोनची चाचणी करायची तर संगणक बंद करून मूळ डिस्क काढा, क्लोन आत बसवा आणि सुरू करा. दोन्ही जोडून सुरू करू नका, कारण दोघींची ओळख एकच असते: विंडोज त्यातली एक ऑफलाइन करते किंवा ड्राइव्हची अक्षरे बदलते, आणि लिनक्सवर कोणती डिस्क जोडली गेली हेच कळेनासे होते. क्लोन यूएसबीवरूनच सुरू करून पाहण्याचा मार्ग विंडोजमध्ये सहसा चालत नाही, आणि डिस्क बाहेरून जोडण्याच्या यूएसबीच्या काही पेट्या मोठ्या डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ बाइटचे असल्याचे दाखवतात, त्यामुळे पेटीत असताना पूर्ण झालेला क्लोन संगणकात बसवल्यावर वाचताच येत नाही. हा प्रकार प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. सिस्टीम सुरू झाली की तिथेच थांबू नका. काही वर्षांपूर्वीचे एखादे छायाचित्र, मेलचा साठा आणि हिशेबाची फाइल उघडून पाहा. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप (एन्क्रिप्शन) असेल, तर क्लोन बसवल्यावर संगणक ४८ अंकी रिकव्हरी की विचारू शकतो. ती कागदावर लिहून या संगणकाबाहेर ठेवलेली असल्याची खात्री चाचणीच्या आधी करा.