मुलींचे महाविद्यालय कोणाच्या हाती?

मुलींसाठी काढलेल्या महाविद्यालयांत आता मुलांनाही प्रवेश द्यावा का, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून डोके वर काढतो. माझ्या गावातील एका जुन्या कन्या महाविद्यालयाबद्दल सध्या हीच चर्चा चालू आहे. मुली आता सगळीकडे शिकतात, मग वेगळ्या संस्थेचे प्रयोजन उरले कुठे, असे एका बाजूचे म्हणणे आहे; तर केवळ मुलींचे म्हणूनच कित्येक पालक आजही मुलीला बारावीनंतर शिकू देतात, तो आधार काढून घेऊ नका, असे दुसऱ्या बाजूचे. मी अमेरिकेतील अटलांटा शहरात राहते, आणि हे दोन्ही पक्ष ऐकताना मला इथल्या स्पेलमन या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठीच्या कॉलेजचा इतिहास त्यांच्यापुढे मांडावासा वाटतो, कारण दोघांनीही न विचारलेला प्रश्न तिथल्या विद्यार्थिनींनी फार पूर्वी विचारला होता: संस्था मुलींसाठी आहे हे खरे, पण ती चालवते कोण?

एप्रिल १८८१ मध्ये सोफिया पॅकार्ड आणि हॅरिएट जाइल्स या ईशान्य अमेरिकेतील न्यू इंग्लंडहून आलेल्या दोन गोऱ्या शिक्षिकांनी फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात ११ विद्यार्थिनींना घेऊन ही शाळा सुरू केली. गुलामगिरी कायद्याने संपून जेमतेम १६ वर्षे झाली होती. त्या विद्यार्थिनींपैकी बहुतेकजणी स्वतः गुलामीत राहिलेल्या होत्या आणि बायबल आपले आपल्याला वाचता यावे, ही त्यांची पहिली ओढ होती. याच्या आठ वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले होते, हे इथे सांगायलाच हवे. पुढे जॉन रॉकफेलर यांच्या देणग्यांनी शाळेला बळ मिळाले आणि १८८४ मध्ये त्यांच्या पत्नी लॉरा यांच्या माहेरचे, गुलामगिरीला विरोध करणाऱ्या कुटुंबाचे, स्पेलमन हे नाव तिला लाभले. विठ्ठलदास ठाकरसींच्या १५ लाख रुपयांच्या देणगीनंतर कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला ठाकरसींच्या मातोश्रींचे नाव दिले गेले, ती गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहेच.

मात्र मुलींसाठी असलेली संस्था मुलींना मोकळे करतेच असे नाही. १९५६ मध्ये इतिहास विभागाचे प्रमुख म्हणून आलेले हॉवर्ड झिन यांनी तिथली शिस्त लिहून ठेवली आहे: मुलीने नीट चालावे, नीट बोलावे, दर रविवारी चर्चला जावे, चहा डौलाने ओतावा. शहरात वर्णभेद होता आणि आवाराच्या आत मुली सुरक्षित होत्या; या सुरक्षिततेच्या बदल्यात त्यांनी गप्प राहावे, अशी अपेक्षा होती. ती १९६० मध्ये मोडली. त्या वर्षी ९ मार्चला अटलांटाच्या वृत्तपत्रांत मानवी हक्कांसाठीचे एक आवाहन पानभर छापून आले, त्याचा मसुदा मुख्यतः स्पेलमनच्या विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष रॉझलिन पोप हिने लिहिला होता. थोड्याच दिवसांत विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसू लागले, आणि अटक झालेल्यांत मेरियन राइट ही शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी होती. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवेने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तेव्हा तिचे वय अवघे १४ वर्षांचे होते. एकमेकींचे नावही ठाऊक नसलेल्या या मुलींना आपापल्या शाळेने आधी लिहायचे बळ दिले होते.

विद्यार्थिनींची बाजू घेणाऱ्या झिन यांना १९६३ मध्ये कॉलेजने काढून टाकले. त्यांची विद्यार्थिनी ॲलिस वॉकर, जी पुढे कादंबरीसाठी पुलित्झर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली, तीही त्याच वर्षी स्पेलमन सोडून न्यूयॉर्क राज्यातील दुसऱ्या महाविद्यालयात गेली. २००५ मध्ये कॉलेजने झिन यांना पदवीदान समारंभात बोलावून मानद पदवी दिली. चूक सुधारायला ४२ वर्षे लागली, तरी ती सुधारली याला मी महत्त्व देते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. पहिल्या चारही अध्यक्षा गोऱ्या होत्या. १९५३ मध्ये पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष आले, ते पुरुष. १९७६ मध्ये विश्वस्तांनी पुन्हा एका पुरुषाची निवड केली, तेव्हा विद्यार्थिनींनी विश्वस्तांना बैठकीच्या खोलीत कोंडून दाराला कुलूप लावले आणि एका दिवसाहून अधिक काळ ते उघडले नाही. त्यांची मागणी एकच होती, की या कॉलेजची सूत्रे कृष्णवर्णीय स्त्रीकडे द्या. त्या वेळी ती मान्य झाली नाही. १९८७ मध्ये जॉनेटा कोल अध्यक्ष झाल्या, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल १०६ वर्षांनी. आणि तोवर विश्वस्त मंडळाच्या प्रमुखपदी बसल्या होत्या मेरियन राइट एडेलमन, म्हणजे १९६० मध्ये अटक झालेली तीच विद्यार्थिनी.

इथल्या मराठी घरांत हा इतिहास क्वचितच निघतो. शहराच्या उत्तरेकडील उपनगरांत आपली शेकडो कुटुंबे आहेत. २०१८ ची इथल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवलेल्या स्टेसी अब्राम्स त्यांना माहीत आहेत, पण त्या स्पेलमनच्या १९९५ च्या पदवीधर आहेत हे बहुधा नाही. ‘काळ्यांसाठी वेगळे कॉलेज, हा उलटा भेदभाव नाही का?’ असे मात्र सहज विचारले जाते. तिथे कोणत्याही वंशाची मुलगी अर्ज करू शकते. शिवाय, ज्या १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यामुळे आपल्याला या देशात येता आले, तो नागरी हक्कांच्या त्याच चळवळीने तापवलेल्या हवेत मंजूर झाला होता. तेव्हा हा प्रश्न विचारताना आपण तरी जपून बोलावे, असे मला मनापासून वाटते.

सगळी दारे उघडल्यावरही स्पेलमन बंद पडले नाही. माझी एक सहकारी तिथे शिकली. इतरत्र वर्गात तिच्याकडे साऱ्या समाजाची प्रतिनिधी म्हणून पाहिले जाई, तिथे ती फक्त एक विद्यार्थिनी होती, असे ती सांगते. म्हणून माझ्या गावचे महाविद्यालय मुलींचेच राहावे, अशा मताची मी आहे. पण पालकांना निर्धास्त वाटते, एवढ्याच कारणासाठी ते राखायचे असेल, तर ते १९५० च्या दशकातील चहा ओतायला शिकवणाऱ्या स्पेलमनसारखे राहील. प्रवेशाच्या नियमांवर मत मागवणाऱ्यांनी त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी लिहाव्यात: नियामक मंडळात स्त्रिया किती आहेत आणि त्यांपैकी माजी विद्यार्थिनी किती.