काफ्का नुसता 'जर्मन लेखक' नाही हो

या लेखात कथा-कादंबरीकार फ्रान्झ काफ्काला सरळ 'जर्मन लेखक' म्हणून टाकलंय ते जरा खटकलं. माणूस प्रागचा, ज्यू, घरात जर्मन, आजूबाजूला सगळं चेक, त्यात १९११ला यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची बोली) नाटकवाले प्रागला आले तेव्हा हा त्यांच्या प्रयोगांना जाऊन जाऊन बसायचा, वडिलांना ते अजिबात पसंत नव्हतं, पुढे तर हिब्रू पण शिकायला घेतली. आणि गंमत बघा, त्याच्या कथा-कादंबऱ्यांत 'ज्यू' हा शब्द शोधूनही जवळजवळ सापडत नाही! ज्यू कवी पॉल सेलानचं वेगळंच, आईवडील नाझींच्या छावणीत संपले तरी हा पॅरिसात बसून शेवटपर्यंत कविता जर्मनमध्येच लिहीत राहिला, मारेकऱ्यांची भाषा खरी पण आईची पण तीच ना. त्याचा साधा उल्लेख पण नाही लेखात??